गप्पी मासे सोडण्याआधी आणि सोडल्यानंतर: एक खुले पत्र

प्रति,
राज्यातील सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा हिवताप अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

जून हा हिवताप प्रतिरोध महिना आणि जुलै डेंगीचा. या दोन महिन्यांत एक दृश्य ठरलेले असते. विहिरीच्या नाहीतर डबक्याच्या काठावर पाच-सहा मंडळी उभी, मधल्या माणसाच्या हातात पाण्याने फुगलेली पिशवी, पिशवी तिरकी, सगळ्यांची नजर कॅमेऱ्याकडे. दुसऱ्या दिवशी अहवालात ‘गप्पी मासे सोडलेली ठिकाणे’ या रकान्यात आकडा भरला जातो. पंधरा दिवसांनी त्या पाण्यात मासा होता का आणि डासाची अळी होती का, हे कागदावर फारसे कुठे दिसत नाही. हे पत्र त्या न भरलेल्या रकान्याबद्दल आहे.

गप्पीला आमचा विरोध नाही. योग्य जागी तो डासाच्या अळ्या खाण्याचे काम चोख करतो. मादी पाच-सहा सेंटिमीटरची, करड्या रंगाची. नर जेमतेम तीन सेंटिमीटरचा, रंगीत शेपटीचा. दोघेही पाण्याच्या वरच्या थरात फिरतात आणि तोंड वरच्या बाजूला वळलेले असल्यामुळे पृष्ठभागावरचे खाद्य सहज टिपतात. डासाची अळी श्वास घ्यायला पृष्ठभागावरच येते, त्यामुळे दोघांची गाठ तिथे पडते. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देतो आणि साधारण दर चार आठवड्यांनी देतो. (नावाचा गप्पांशी काही संबंध नाही. १८६६मध्ये त्रिनिदादहून या माशाचे नमुने लंडनला पाठवणाऱ्या रॉबर्ट जॉन लेकमेर गप्पी यांचे ते आडनाव. पण आपल्याकडे माशाच्या नावावर गप्पाच जास्त झाल्या, हेही खरे.)

शासकीय मार्गदर्शनात गप्पी दिवसाला ८० ते १०० अळ्या खातो आणि गॅम्बुशिया हा दुसरा अळीभक्षक मासा १०० ते ३००, असे दिलेले असते. फलक रंगवताना कधीकधी गॅम्बुशियाचा आकडा गप्पीच्या नावावर खपतो. त्याहून मोठी अडचण अशी की हा आकडा माशाच्या पोटाची मर्यादा सांगतो, डबक्यातले वास्तव सांगत नाही. डबक्यात शेवाळ असते, इतर किडे असतात, कुणी टाकलेला भाताचा घास असतो. पोट भरलेला मासा अळीच्या मागे धावत नाही. म्हणून ‘शंभर मासे सोडले, म्हणजे रोज दहा हजार अळ्या गेल्या’ हा हिशेब कृपया सभेत मांडू नये.

मासा सोडायचा तर त्या पाण्यात पाच गोष्टी असायला हव्यात. ते निदान तीन-चार महिने आटणारे नसावे. किमान फूटभर खोल असावे. कुणी ते उपसून रिकामे करत नसावे. त्यात टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) पडत नसावी. आणि ते ओढ्याला, नाल्याला, नदीला जोडलेले नसावे. ही चाळणी लावली की गावातली बरीच ठिकाणे गळतात. उरतात ती ही: जनावरांचे हौद, वापरात नसलेल्या विहिरी, बंद पडलेली कारंजी, अर्धवट सोडलेल्या इमारतीच्या तळघरातले पाणी, मुरूम काढून झालेले खोल खड्डे. यादी छोटी झाली तर बिघडत नाही. दहा ठिकाणे नीट सांभाळता येतात, शंभर येत नाहीत.

गळणाऱ्यांत सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे घरातले ड्रम, बॅरल, कूलर, फुलदाण्या, फ्रीजमागचा ट्रे, टायर आणि नारळाच्या करवंट्या. डेंगीचा एडिस डास नेमका इथेच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आपल्याकडच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सात ते दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. ड्रम नुसता उपडा करून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. पुढच्या वेळी पाणी चढले की तीच फुटतात. काथ्याने किंवा ब्रशने आतली भिंत घासावी लागते, विशेषतः काठाखालची वीतभर पट्टी. अशा ड्रममध्ये मासा सोडला तर तो पुढच्या कोरड्या दिवशी मोरीत जातो. म्हणजे एकाच घराला आपण दोन उलट्या सूचना देतो: ‘पाणी ओता’ आणि ‘पाण्यातला मासा जपा’.

मराठवाड्यात आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावांत लोकांना ड्रम ओतून द्या म्हणून सांगणे अवघड आहे, हे मान्य. तिथे घट्ट बसणारे झाकण किंवा तोंडाला सुतळीने बांधलेले सुती कापड माशापेक्षा खात्रीचे. कंबोडियाच्या खेड्यांत पाण्याच्या मोठ्या रांजणांत गप्पी ठेवून एडिसच्या अळ्या लक्षणीय कमी झाल्या, हे खरे आहे. पण तिथे गावातले स्वयंसेवक घरोघर जाऊन रांजणात मासा आहे का हे पाहत होते आणि मेलेल्याच्या जागी नवा देत होते. ती माणसे नसतील तर नुसता मासा आणून ते फळ मिळणार नाही.

सेप्टिक टँकमध्ये मासा टिकत नाही. तिथे व्हेंट पाइपला जाळी बांधा आणि झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवा. ‘गप्पी घाण पाण्यातही जगतो’ म्हणून गटारात ओतण्याची पद्धत आहे. वाहत्या गटारात क्युलेक्स या घाण पाण्यातल्या डासाची अळी फारशी नसतेच. ती गाळ साचून अडलेल्या चार बोटे पाण्यात असते आणि तिथे मासाही पोहोचत नाही. त्या जागी फावडे चालवायला हवे. शेततळ्याचेही तसेच. प्लास्टिक अंथरलेल्या उभ्या काठाच्या, वाऱ्याने पाणी हलणाऱ्या तळ्यात अळी आहे का हे आधी पाहा. बहुतेकदा नसते, आणि रोहू-कटला किंवा तिलापिया असेल तर गप्पीचे खाद्य होते.

आता टीसीएलबद्दल, कारण सगळ्यात जास्त मासे इथेच मरतात आणि कुणालाही दोष देता येत नाही. आरोग्य विभागाचा एक कर्मचारी विहिरीत मासे सोडतो आणि ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक त्याच विहिरीत टीसीएल टाकतो. दोघेही आपापले काम बरोबर करतात. चार मीटर व्यासाची विहीर आणि पाच मीटर पाणी धरा. पाणी झाले सुमारे ६३ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने साधारण १६० ग्रॅम चांगली टीसीएल लागते आणि तासाभरानंतर पाण्यात ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन उरलेला असायला हवा. हा क्लोरीन माशाचे नाजूक कल्ले जाळतो. अळीला मात्र तेवढ्या मात्रेने फारसे काही होत नाही. म्हणजे मासा जातो, अळी राहते. पिण्याच्या विहिरीत टीसीएलच पडली पाहिजे, त्यात तडजोड नाही. म्हणून पिण्याच्या विहिरी गप्पीच्या यादीतून काढून टाका आणि तोंडावर बारीक छिद्रांची जाळी बसवा. जलसुरक्षकाकडे आणि आरोग्य कर्मचाऱ्याकडे विहिरींची एकच यादी असावी आणि प्रत्येक विहिरीसमोर ‘टीसीएल’ किंवा ‘मासा’ यांपैकी एकच शब्द असावा.

हीच गोष्ट चुन्याची. जनावरांचा हौद आतून चुन्याने रंगवण्याची चांगली पद्धत आहे, पण ताज्या चुन्याने पाणी इतके अल्कधर्मी होते की मासा काही तासांत मरतो. रंगवल्यावर हौद दोन-तीनदा भरून रिकामा करा, आठवडाभर थांबा, मग पाच मासे सोडून पाहा. दोन दिवस जगले तर बाकीचे सोडा. धूर फवारणीचे औषधही लक्षात ठेवा. पायरेथ्रम आणि त्याच्या कुळातली कीटकनाशके माशांना अतिशय विषारी असतात. फवारणीच्या दिवशी हौदावर ताडपत्री टाकावी. अळीनाशक म्हणून बीटीआय (अळ्या मारणाऱ्या जिवाणूपासून केलेले औषध) वापरत असाल तर त्याचा माशाला त्रास होत नाही; दोन्ही एकत्र चालतात.

किती सोडायचे? मोजायचा तो काठ. क्षेत्रफळ किंवा लिटर यांत पडू नका, कारण अळी काठाला असते. काठाच्या एका मीटरला ५ ते १० मासे हे प्रचलित प्रमाण आहे. अळ्या फार असतील तर २०. दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद टाकीचा काठ ३२ मीटर, म्हणजे १६० ते ३२० मासे. चार मीटर व्यासाच्या विहिरीचा घेर साडेबारा मीटर, म्हणजे ६० ते १२५. पिशवीत वीस मासे आणून अशा विहिरीत सोडणे फोटोपुरते ठीक. गप्पीची मादी नराचे बीज कित्येक महिने शरीरात साठवून ठेवते, त्यामुळे मोजक्या माद्यांपासूनही वसाहत उभी राहते. पण तोवर पावसाळा संपलेला असतो.

नेताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. निघण्याच्या आदल्या दिवशी माशांना खाद्य देऊ नका, नाहीतर पिशवीतले पाणी त्यांच्याच विष्ठेने सडते. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश हवा, शक्य असेल तर ऑक्सिजन. पाच लिटर पाण्यात पन्नासपेक्षा जास्त मोठे मासे कोंबू नका. पहाटे निघा. जीपच्या टपावर, उन्हात बादली ठेवू नका. पोहोचल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे त्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग तोंड उघडून थोडे थोडे बाहेरचे पाणी आत घ्या, आणि शेवटी पिशवी आडवी करून मासे आपले आपण बाहेर जाऊ द्या. उन्हात तापलेल्या पिशवीतले पाणी आणि विहिरीतले थंड पाणी यांत सात-आठ अंशांचा फरक सहज असतो. त्या धक्क्याने मासे लगेच मरत नाहीत. दोन दिवसांनी, कुणी पाहत नसताना मरतात. खोल विहिरीत काठावरून ओतू नका, पोहऱ्यात घालून दोराने खाली सोडा. मोटार असेल तर फूट व्हॉल्व्हला आधी जाळी बांधा.

सोडण्यापूर्वी काठ साफ करा, हे सांगायचे राहू नये. जलपर्णी, शेवाळाचे गालिचे, थर्माकोलच्या पत्रावळी यांच्या आडोशाला अळी बसते आणि माशाला ती दिसतच नाही. एकाच टाकीच्या मोकळ्या बाजूला शून्य अळी आणि शेवाळाच्या बाजूला पळीभर अळ्या, असे चित्र नेहमीचे आहे. तरंगत्या थर्माकोलच्या वाटीतले पाणी तर वेगळेच डबके. मासा खाली, अळ्या वर.

आणि आता तो रकाना. पांढरा डिपर, म्हणजे अळ्या मोजायची लांब दांड्याची पळी घ्या, साधारण ३०० ते ३५० मिलिलिटरची. नसेल तर लांब दांड्याची पांढरी वाटी चालेल, पण दर वेळी तीच. सूर्य समोर घ्या, म्हणजे तुमची सावली पाण्यावर पडणार नाही. सावली पडली की अळ्या बुडी मारतात. काठाला कोन करून पळी हलकेच बुडवा, काठोकाठ भरू नका, अर्धा मिनिट थांबून मोजा. एका ठिकाणी दहा पळ्या, वेगवेगळ्या बाजूंनी, शेवाळाजवळच्या दोन-तीन धरून. हे सोडण्याआधी एकदा, सोडल्यावर दहाव्या दिवशी एकदा आणि मग दर पंधरवड्याला.

मोजताना अळीचा आकार पाहा, नुसती संख्या नको. पाण्याला समांतर आडवी पडलेली अळी अ‍ॅनॉफिलीसची, म्हणजे हिवतापाची. डोके खाली करून तिरकी लटकणारी क्युलेक्स किंवा एडिसची. पण खरी खूण आहे कोष, म्हणजे अळीनंतरची, डास होण्याआधीची अवस्था. स्वल्पविरामासारखा वाकडा, गुटगुटीत, डिवचले की गिरक्या घेणारा. डास रोज येऊन अंडी घालतच राहणार, त्यामुळे मासे असलेल्या टाकीतही केसाएवढ्या बारीक नवजात अळ्या सापडतील. त्यावरून मासे निकामी ठरवू नका. बारीक अळ्या आहेत, मोठ्या नाहीत आणि कोष एकही नाही, तर मासा आपले काम करतो आहे. मोठ्या अळ्या आणि कोष दिसले तर मासे मेले आहेत, कमी आहेत किंवा पोहोचत नाहीत. या तिन्हींचे उपाय वेगळे, म्हणून ‘आणखी मासे सोडले’ हे प्रत्येक वेळी उत्तर नाही.

आता गॅम्बुशिया. उत्तर अमेरिकेतला हा मासा १९२८मध्ये इटलीहून भारतात आणला गेला. आज तो जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आहे. बेडकाची अंडी, बेडूकमासे, स्थानिक माशांची पिल्ले तो अळीइतक्याच आवडीने खातो आणि अंगाने मोठ्या माशांच्या शेपट्या कुरतडतो. दक्षिण अमेरिकेतला गप्पी त्या मानाने सौम्य, पण परका तोही आहेच. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने दोघांनाही आक्रमक परक्या प्रजातींत धरले आहे, आणि जानेवारी २०२५मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने या दोघांच्या वापराबद्दल केंद्राकडे उत्तर मागितले. आमचे मत सरळ आहे: गॅम्बुशिया कुठेच नको, गप्पी फक्त बंद पाण्यात. नदी, ओढा, तलाव, भातखाचर, सड्यावरची पावसाळी तळी, जुन्या बारवा यांत कोणताही बाहेरचा मासा सोडू नका. सह्याद्रीच्या ओढ्यांत असे छोटे मासे आहेत, जे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. ज्या पाण्यात आधीच छोटे देशी मासे हालताना दिसतात, तिथे अळी सापडणेच मुश्कील असते. पळी घालून पाहा.

पावसात टाकी भरून वाहते आणि मासे ओढ्याला लागतात, ही त्यातली मोठी गळती. गप्पीचे नवजात पिल्लू सहा-सात मिलिमीटरचे असते, म्हणून सांडव्याच्या पाइपला दोन मिलिमीटरहून मोठ्या छिद्रांची जाळी उपयोगाची नाही. बारीक जाळी पानांनी तुंबते आणि पाणी काठावरून वाहते. त्यावर उपाय एकच: जाळी सपाट न लावता पिशवीसारखी लांब शिवून पाइपवर बांधायची आणि मोठ्या पावसानंतर झटकायची.

देशी पर्याय आहे. कपाळावर चांदीचा ठिपका असलेला, काठाकाठाने पृष्ठभागालगत स्थिर तरंगणारा अ‍ॅप्लोकायलस कोकण-गोव्याच्या विहिरींत, पाटांत पाहायला मिळतो. काही भागांत त्याला पिकू म्हणतात. गोव्यात १९९०च्या दशकात अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सीविरुद्ध याच कुळातला अ‍ॅप्लोकायलस ब्लॉकी आणि बीटीआय यांचा मिळून वापर करून पाहिला गेला, आणि ती दिशा आपल्याकडे पुढे न्यायला हवी. अडचणीही सांगतो: तो अंडी घालतो, तीही पाणवनस्पतींवर थोडीथोडी, त्यामुळे गप्पीसारखी झटपट पैदास होत नाही, आणि तो उडी मारतो, म्हणून टाकीवर जाळी लागते. तालुक्याला एक टाकी या माशासाठी ठेवली तरी सुरुवात होईल. मासे त्याच खोऱ्यातले घ्यावेत. कोकणातले विदर्भात नेऊ नयेत.

पैदास टाकीबद्दल थोडक्यात. नवी सिमेंटची टाकी लगेच वापरू नका. केळीच्या खांबाचे तुकडे टाकून पाणी भरा, चार-पाच दिवसांनी काढा, असे दोन-तीनदा करा, म्हणजे सिमेंटचा क्षार उतरतो. दोन-अडीच फूट पाणी पुरते. निम्म्या भागात हायड्रिला ही पाणवनस्पती हवी, कारण आई-बाप आपलीच पिल्ले खातात आणि पिल्लांना लपायला जागा लागते. एका नरामागे तीन माद्या ठेवा. तांदळाचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड, दहा मिनिटांत संपेल एवढीच. उरलेली पेंड तळाशी कुजते आणि सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. तसे दिसले तर खाद्य बंद आणि एक तृतीयांश पाणी बदला. नळाचे पाणी असेल तर आधी एक दिवस उघडे ठेवा. खंड्या आणि ढोकरी यांच्यासाठी वर जाळी. पिल्लू वयात यायला साधारण तीन महिने लागतात, म्हणून जूनमध्ये मासे हवे असतील तर टाकी फेब्रुवारीतच चालू असली पाहिजे. मे अखेरीस शेजारच्या तालुक्यातून दोन बादल्या मागवणे म्हणजे पैदास केंद्र चालवणे नव्हे.

बाहेरून मासे आणणार असाल तर ते पांढऱ्या परातीत ओतून पाहा. तिलापियाची पिल्ले गप्पी म्हणून येतात. गप्पीच्या मादीच्या पोटाच्या मागच्या भागात काळसर डाग असतो आणि नराला रंग असतो. परातीत एकही रंगीत नर नसेल तर ती खेप परत पाठवा.

आमची मागणी तीन गोष्टींची आहे. यंदापासून अहवालात ‘मासे सोडलेली ठिकाणे’ या रकान्याशेजारी आणखी चार रकाने जोडावेत: काठाची लांबी मीटरमध्ये, सोडण्याआधी दहा पळ्यांतल्या अळ्या व कोष, दहाव्या दिवशीच्या अळ्या व कोष, आणि मासे दिसले की नाही. जलसुरक्षक आणि आरोग्य कर्मचारी यांची विहिरींची यादी ३१ मेपूर्वी एक करावी. आणि ज्या जिल्ह्यांच्या केंद्रांत अजून गॅम्बुशिया असेल, तिथली टाकी नाल्यात न सोडता, मासे पूर्ण काढून, उन्हात कोरडी करून मगच पुन्हा भरावी.

दहा पळ्या मोजायला एका ठिकाणी पंधरा मिनिटे लागतात. कोणाला डिपर धरायला शिकायचे असेल तर आम्ही येऊ.

आपले,
गोड्या पाण्यातले मासे आणि डासोत्पत्ती यांवर काम करणारे काही जण